दहा टक्के म्हणजे शेकडा किती?

पुतण्याला दसऱ्याला गाडी घ्यायची होती. जळगावच्या शोरूमला गेलो तर फायनान्सवाला पोरगा टेबलावर बसलेलाच, 80,000 चं लोन, दोन वर्षं, "फक्त दहा टक्के सर", हप्ता 4,000. पुतण्या तर सही करायला पेन शोधायला लागला.

मी आपला मोबाईलवर हिशोब करत बसलो. 80 हजारांचे दहा टक्के 8,000, दोन वर्षांचे 16,000, एकूण 96,000, भागिले 24. बरोबर आलं की. पण मग खटकलं, की पोरगं दर महिन्याला मुद्दल पण फेडतंय ना, वर्षभरात निम्मं मुद्दल फिटून जाईल तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण 80 हजारांवरच?? याला फ्लॅट रेट म्हणतात. शिल्लक मुद्दलावर खरेच दहा टक्के लावले असते तर हप्ता 3,692 च्या आसपास बसला असता आणि व्याज जेमतेम 8,600. म्हणजे याचा खरा दर 18 टक्क्यांच्या थोडा वरच.

संध्याकाळी यावलला आबांना सांगितलं. आबांचा सगळा जन्म केळीत गेला, ईएमआय त्यांना कळत नाही, पण सावकाराचं व्याज बरोबर कळतं. म्हणाले, "मंग हे शेकडा दीड झालं ना भो!" अगदी तेच, शंभराला महिन्याला दीड रुपया, वर्षाचे अठरा. मला अर्धा तास लागला होता राव.

दुसऱ्या दिवशी त्या पोराला फोन करून "की फॅक्ट स्टेटमेंट" मागितलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2024 पासून नवीन किरकोळ कर्जाला हा कागद द्यावाच लागतो, त्यात एपीआर लिहिलेला असतो, म्हणजे फी वगैरे धरून वर्षाला खरंच किती पडतं ते. आधी "सिस्टम स्लो आहे सर", मग दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर आला. 1,500 प्रोसेसिंग फी धरून एपीआर 20 च्या वर!

मग पुतण्याचा पगार होतो त्या बँकेत गेलो. तिथे सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीचा स्कोअर, बघितला, चार कागद जास्त मागितले, आणि दर सांगितला 12 टक्के. पुतण्या माझ्याकडे बघायला लागला, काका दहा सोडून बारा? पण हा घटत्या शिल्लकीवरचा, हप्ता 3,766.

बँकेने वेळ लावला, दसऱ्याचा मुहूर्त गेला. गाडी धनत्रयोदशीला आली, आणि पहिला राउंड आबांनी केळीच्या बागेपर्यंत मारला, मागे पुतण्या जीव मुठीत धरून.