जुन्या संगणकाची किंमत ठरवताना : माझा अनुभव

घरचा डेस्कटॉप विकायचे ठरल्यावर पहिला प्रश्न किमतीचाच आला. 2018 मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन तो जुळवला होता : इंटेलचा आय5-8400 प्रोसेसर, बी360 मदरबोर्ड, 16 जीबी डीडीआर4 रॅम, 256 जीबी एसएसडी, एक हार्ड डिस्क आणि जीटीएक्स 1060 ग्राफिक्स कार्ड. बिल जपलेले होते. परंतु त्यातील रकमेतून दरवर्षी ठरावीक टक्के घसारा वजा करण्याची हिशेबी पद्धत येथे लागू पडत नाही. घेणारा बिलाकडे पाहतो तो यंत्र चोरीचे नाही याची खात्री करण्यापुरताच. तेवढेच काम करणारा नवा संगणक आज कितीला पडेल आणि हा अजून किती वर्षे साथ देईल, यांवरच तो भाव लावतो.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः प्रोसेसरच्या पिढीवर अवलंबून असते. विंडोज 10 च्या सुरक्षा अद्यतनांची नियमित मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली आणि विंडोज 11 साठी साधारणपणे इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी व टीपीएम 2.0 (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा सोय) लागते. सातव्या पिढीचा आय5-7400 आणि आठव्या पिढीचा आय5-8400 हे दोन्ही प्रोसेसर 2017 मध्येच बाजारात आले. तरीही पहिला या रेषेच्या अलीकडे राहिला आणि दुसरा पलीकडे गेला. माझे यंत्र पात्र असायला हवे होते, परंतु मायक्रोसॉफ्टचे तपासणीचे ॲप ते अपात्र असल्याचे दाखवत होते. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, पाहिल्यावर टीपीएमचे काम करणारा इंटेल पीटीटी हा पर्याय बंद असल्याचे आढळले. तो चालू करताच ॲपने यंत्र पात्र ठरवले. विकणाऱ्या प्रत्येकाने जाहिरात देण्यापूर्वी एवढे अवश्य करावे, कारण या एका नोंदीने किमतीत मोठा फरक पडतो.

त्यानंतर एकेक भाग तपासला. डिस्कची स्थिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये एसएसडीचे आरोग्य 88 टक्के दिसले. त्या पडद्याचे छायाचित्र मी जाहिरातीसोबत जोडले. ग्राफिक्स कार्डाचा भाव मात्र उतरलेला होता, कारण एनव्हिडियाने त्या पिढीसाठी खेळांचे नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) 2025 मध्ये थांबवले असून आता केवळ सुरक्षेपुरते ड्रायव्हर मिळतात. याउलट, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे चिपनिर्मात्यांचे उत्पादन वळल्यामुळे 2025 च्या अखेरीस रॅम कडाडली आणि माझ्या यंत्रातील सर्वांत साधा भाग सर्वांत मोलाचा ठरला.

ओएलएक्सवरील जाहिरातींतून भाव काढताना एक पथ्य पाळले. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या जाहिरातीतील आकडा ही विकणाऱ्याची अपेक्षा असते, बाजारभाव नव्हे. म्हणून जे संगणक चटकन यादीतून गेले, त्यांचेच आकडे टिपून ठेवले. त्यांवरून आणि सुट्या भागांच्या बेरजेवरून अंदाज सुमारे बावीस हजारांवर आला. दुकानदाराने तेरा हजार सांगितले. "साहेब, मला पुढे महिनाभराची वॉरंटी द्यावी लागते, आणि माल किती दिवस पडून राहील ते सांगता येत नाही," हे त्याचे म्हणणे मला रास्त वाटले. ती जोखीम आणि जागेचे भाडे त्याने त्या फरकात धरले होते.

रॅम काढून वेगळी विकण्याचा विचार मनात आला होता. मात्र उरलेल्या यंत्रासाठी घेणाऱ्याला त्याच चढ्या भावाने रॅम घ्यावी लागली असती आणि तेवढी रक्कम त्याने माझ्याच किमतीतून कापली असती, म्हणून यंत्र अखंडच ठेवले. अखेर एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ते पाहिले, चालू स्थितीत बराच वेळ तपासले, पंख्याचा आवाज ऐकला, सर्व यूएसबी पोर्ट एकेक करून पाहिले आणि एकोणीस हजार पाचशेला व्यवहार ठरला. त्याच्यासमोरच एसएसडी आणि हार्ड डिस्क पूर्ण पुसून विंडोज 11 नव्याने घातली आणि मूळ बिलासह संगणक त्याच्या हवाली केला.