दिवेलागणीला जाणारं नेट

कराडात मंगळवार पेठेतल्या एका घरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आमच्या चार फेऱ्या झाल्या. त्यातल्या दोन माझ्या. दोन्ही वेळा मी मोबाइलवर ‘लाइन ओके’ अशी नोंद करून जिना उतरलो होतो. पाचव्या फेरीत उलगडा झाला, पण ते घर अजून डोक्यातून जात नाही.

मी फायबरच्या, म्हणजे काचेच्या तारेतून उजेडावर चालणाऱ्या इंटरनेटच्या, जोडण्या दुरुस्त करतो. लोक सगळ्यालाच ‘वायफाय गेलं’ म्हणतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. आम्हाला मात्र पहिल्या मिनिटातच तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. घरातल्या डब्याला, म्हणजे राउटरला, वीज मिळतेय का, खांबावरून आलेल्या फायबरमधून उजेड पुरेसा येतोय का, आणि डब्यापासून मोबाइलपर्यंत सिग्नल ठीक आहे का. मोबाइलवर वायफायच्या काड्या पूर्ण दिसतात ते फक्त तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. घरातला डबा जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ. बाहेरून काही येतंय की नाही ते ‘लॉस’चा दिवा सांगतो. तो लाल झाला तर राउटरला शिव्या देऊन उपयोग नाही.

पहिल्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या, काकू आणि त्यांची मुलगी. मुलगी घरूनच काम करते, परदेशातल्या ग्राहकांचे फोन घेते. कामाची पाळी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते, आणि नेमकं त्याच सुमाराला नेट जातं ही तक्रार. मोबाइलच्या नेटवर ती कसंबसं निभावायची, पण मध्येच आवाज तुटायचा. तिसऱ्या फेरीच्या वेळी तिने मला सांगितलं, “दादा, महिनाअखेरपर्यंत हे नीट झालं नाही तर मला ऑफिसात बोलावतील, पुण्याला. आईला एकटीला ठेवून कशी जाऊ?”

आम्ही काय काय केलं? वायफायचा चॅनेल 6 वरून 11 केला. ॲडॉप्टर बदलला. डबाच बदलला. आणि शेवटी मी स्वतः सांगितलं, “लाइटचा प्रॉब्लेम दिसतोय, राउटरचा छोटा यूपीएस घ्या.” काकूंनी दुसऱ्याच दिवशी आणला, 1,450 रुपयांचा. त्या संध्याकाळी नेट पुन्हा गेलं.

लाइटचा प्रॉब्लेम हे आम्ही कशावरून ठरवलं, ते सांगायला हवं. आमच्या डब्याची वीज गेली, तर आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या क्षणभराच्या विजेवर तो वरच्या यंत्रणेला एक निरोप धाडतो, ‘माझी वीज गेली’. त्याला ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात, शेवटचा श्वास. खांबावर फायबर तुटली तर असा निरोप येत नाही, डबा नुसता गप्प होतो. त्यामुळे जागेवर न जाताही वीज गेली की वायर तुटली हे ओळखता येतं. फार हुशारीची सोय आहे ती. या घराच्या नोंदीत रोज संध्याकाळी असे शेवटचे श्वास होते. कारण नेट गेलं की मुलगी बटण बंद-चालू करायची, आणि तसं करायला तिला आमच्याच कस्टमर केअरने सांगितलं होतं! लाइन पूर्ण मेलेली नव्हती, येत-जात होती. ती आलेली असताना बटण बंद झालं की निरोप जायचा. ऑफिसात टेबलावर बसलेल्यांनी नोंदीची शेवटची ओळ वाचली आणि ‘ग्राहकाकडे वीज’ असा शेरा मारला. त्याच्या पाच-दहा मिनिटं आधीची लॉसची नोंद बघायला कुणी वर सरकवलं नाही. आम्हाला जागेवर मिळतो तो फक्त शेरा.

आणि आम्ही जायचो सकाळी अकराला. फिरतीची आखणीच तशी असते, पेठेतल्या तक्रारी दुपारच्या आत उरकायच्या. तक्रार बंद करायला ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. अकरा वाजता नेट धडधडीत चालू असताना ओटीपी मागितला, तर माणूस देणारच. तक्रारीच्या फॉर्ममध्ये पत्ता आहे, डब्याचा नंबर आहे, बिल थकलंय का हे आहे. नेट किती वाजता जातं, यासाठी रकानाच नाही. काकूंनी पहिल्या फोनपासून ‘दिवे लागले की जातं’ असंच सांगितलं होतं. त्याचं आमच्याकडे येईपर्यंत ‘नेट स्लो/बंद’ झालं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पाचवी तक्रार आली, तेव्हा मी ती मुद्दाम दिवसाच्या शेवटी ठेवली. पावणेसहाला पोचलो. नेट चालू. काकू काही रागावल्या नाहीत, उलट चहा टाकला. मग भिंतीवरची दिनदर्शिका काढून माझ्यापुढे ठेवली. “हे बघ बाळा, मी लिहून ठेवलंय.” दोन महिन्यांच्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक आकडे होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला 6.45. मग 6.40. दसऱ्याच्या सुमाराला 6.25. आता 6.10. मध्येच दोन नोंदी भर दुपारच्या, आणि त्यांच्यापुढे ‘पाऊस’ असं लिहिलेलं.

इतका नेटका पुरावा आमच्या यंत्रणेतही नव्हता. बिघाड घड्याळाने चालत नव्हता, वेळ मागे मागे सरकत होती. “दिवस लहान होत चाललाय ना,” काकू म्हणाल्या, जणू हे सगळ्यांना माहीतच आहे.

फायबरची पिन डब्यातून काढून मी उजेड मोजणाऱ्या पॉवर मीटरला लावली. मायनस 21.4 डीबीएम. ज्यांना या आकड्यांची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो: हा उजेड मिलीवॉटच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी असतो आणि डब्याला तेवढा पुरतो. मायनसपुढचा आकडा 3 ने (म्हणजे 3 डीबीने) वाढला की उजेड निम्मा होतो. मायनस 27 च्या खाली गेला की डबा मान टाकतो. म्हणजे 21 हा चांगला आकडा, सकाळी अकराला दोनदा मिळाला होता तोच.

मीटर मांडीवर ठेवून मी खाली बसून राहिलो. सहा वाजून गेले. काकूंनी देवापाशी दिवा लावला, उदबत्ती फिरवली. मग “डास येतील मेले” म्हणत खिडकीकडे गेल्या. नदी जवळ आहे, दिवेलागणीला त्या भागात डासांचं मोहोळ उठतं. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी, तिचं पल्लं त्यांनी जोर लावून ओढलं. खट्ट झालं.

माझी नजर आकड्यावर होती. 21.4. 24. 28.3. तिथून 29.8 वर जाऊन थांबला.

“काकू, खिडकी उघडा बरं.”

21.6.

“परत लावा.”

29.5.

तीनदा करून बघितलं. तिसऱ्या वेळी मुलगी कानावरचा हेडफोन काढून दारात येऊन उभी राहिली होती. कुणीच काही बोललं नाही.

बॅटरी घेऊन खिडकीच्या चौकटीपाशी गेलो. खांबावरून घरात येणारी काळी ड्रॉप वायर खालच्या रुळातून, अगदी कोपऱ्यातून आत आली होती. पल्लं पूर्ण बसलं की त्याची कड वायरवर यायची आणि वायर रुळाच्या धारेवर काटकोनात मुडपायची. वरचं काळं आवरण तिथे घासून चकचकीत झालं होतं. आत केसाएवढी काच, 125 मायक्रॉनची, आणि तिचा उजेड वाहणारा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. तांब्याची वायर सहसा एक तर जोडलेली असते, नाहीतर तुटलेली. काच तशी नाही. तिला फार तीव्र वळण दिलं की ती न मोडताही उजेड बाहेर सांडते, आणि वळण सैल केलं की काही झालंच नाही अशी वागते. आमच्या लाल लेझरच्या पेनने असं वळण पातळ पिवळ्या जोडवायरीत (पॅचकॉर्डमध्ये) लगेच चमकताना दिसतं. काळ्या आवरणातून काही दिसत नाही. आणि पाऊस आला की काकू दुपारी खिडकी लावायच्या. त्या दोन नोंदींचा अर्थही लागला.

वायर खिडकीतून का आणली? घरमालक भिंतीला भोक पाडू देत नव्हता म्हणे. मी खाली जाऊन विचारलं, तर तो दोन मिनिटांत हो म्हणाला. जोडणी करणाऱ्या पोराला एका जोडणीमागे पैसे मिळतात. भोक पाडायला, क्लिपा ठोकायला अर्धा तास जातो, तेवढ्यात दुसरं घर होतं. मी त्या पोराला दोष देणार नाही. तो दर ठरवणाऱ्यांना देईन.

त्या रात्री पल्ल्याच्या फटीत पुठ्ठ्याची घडी बसवून दिली आणि वर जुन्या ओढणीचा बोळा कोंबला. मुलीची कामाची पाळी पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिल घेऊन गेलो. बाहेरून आत किंचित चढतं भोक पाडलं, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळून आत येत नाही. खांबावर गुंडाळून ठेवलेली जादा वायर ओढून घेतली, मुडपलेला तुकडा कापून टाकला. टोकाला नुसता दाबून बसवायचा फास्ट कनेक्टर लावून पाच मिनिटांत निघता आलं असतं. मला तो पटत नाही, धूळ बसली की वर्षभरात कुरकुर सुरू होते. मी काच वितळवून सांधणाऱ्या मशीनवर जोड घेतला. काच सोलली, स्पिरिटने पुसली, क्लीव्हरवर, म्हणजे काच सरळ कापायच्या हत्यारावर, कापली. पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, ठिणगी पडली, सांधा दिसेनासा झाला. सांध्यात तूट फक्त 0.02 डीबी. काकू चष्मा लावून बघत होत्या. खिडकी घट्ट लावून मीटरवर मायनस 20.8.

तक्रार बंद करताना कारण निवडावं लागतं. राउटर, वीज, फायबर कट, ग्राहकाची चूक. फायबर तुटलेली नव्हतीच, तरी मी ‘फायबर कट’ निवडलं. बाकीच्या तिन्हींत दोष या घरावर गेला असता.

निघताना काकूंनी यूपीएसचं खोकं पुढे केलं. “हे आता लागणार नाही ना? दुकानदार परत घेत नाही म्हणतो.” मी म्हणालो, लाइट गेली की उपयोगी पडेल. ते खरंच आहे, पण त्यांनी तो माझ्या सांगण्यावरून घेतला होता, लाइटसाठी नाही. 1,450 रुपये त्यांच्या पुढच्या बिलांतून वळते करा, असा मेल मी ऑफिसला दोनदा टाकलाय. अजून उत्तर नाही. सोमवारी स्वतः जाऊन बसणार आहे.