लायटर लावून दाखवलेला सोफा

शोरूममधल्या पोराने खिशातून लायटर काढला आणि सोफ्याच्या हातावर ज्योत फिरवली. दोन-तीन सेकंदच. मग बोटाने काजळी पुसली आणि म्हणाला, "बघा मॅडम, जळत नाही. शंभर टक्के जेन्युइन लेदर."

मॅडम सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या, शाळेत शिकवतात. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत झालं होतं, त्यांच्यासाठी मोटरचा रिक्लायनर, म्हणजे पाठ मागे कलणारी आणि पायटेकू वर येणारी खुर्ची, आणि त्याच्या जोडीला तीन अधिक दोनचा सेट असा बेत होता. सोफे उघडून भरायचं काम माझं, म्हणून पैसे द्यायच्या आधी एकदा बघून सांगा म्हणाल्या.

लायटरची ही करामत सांगलीतच काय, सगळीकडे चालते आणि तिला काही अर्थ नाही. सरकती ज्योत दोन-तीन सेकंद लागली तर चांगलं जाड पीयूसुद्धा, म्हणजे पॉलियुरेथेन प्लास्टिकचं नकली चामडं, पेटत नाही, पेट घेण्याइतकं तापतच नाही ते. आणि खऱ्या चामड्यावरही वर रंगाचा नि पॉलिमरचा थर असतोच, ज्योत रेंगाळली तर तो करपतो. जाळून बघायचंच असेल तर कापलेला तुकडा लागतो. तो मागितला तर पोरगा आत गेला आणि जरा वेळाने बोटभर रुंदीची कातरण घेऊन आला. हे त्याचं कौतुक, बरेच जण "कंपनीतून येत नाही" म्हणून हात वर करतात.

तोवर मॅडम वास घेत होत्या. आपल्याकडे चामड्याचा वास म्हणजे कोल्हापुरी चपलेचा वास. ती चप्पल बाभळीची साल, हिरडा असल्या झाडपाल्यावर कमावलेली असते. सोफ्याचं चामडं बहुतेक क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर कमावतात, त्याचा वास वेगळा आणि बराच सौम्य. त्यामुळे वास नाही म्हणून नकली ठरत नाही. उलट नाकात भरेल असा 'लेदरचा' वास आला तर मी आधी वासाच्या स्प्रेचा संशय घेतो.

कातरणीची मागची बाजू बघितली. कापड नव्हतं, जाळी नव्हती, सुएडसारखे तंतू होते. एवढ्यावर बहुतेक गिऱ्हाईक समाधान मानतं, कारण 'मागे कापड असेल तर रेक्झिन, तंतू असतील तर लेदर' हे सगळ्यांना पाठ असतं. मग कडा भिंगाखाली धरली. खाली मोकळे, विस्कटलेले तंतू आणि त्यांच्यावर सलग, चकचकीत प्लास्टिकची पापुद्र्यासारखी रेघ. बाहेर रस्त्यावर जाऊन पकडीत धरून जाळली. वरची कातडी आधी आक्रसली, वितळून तिचा काळा कडक मणी झाला, प्लास्टिकचा वास आला. खालचा भाग नंतर केस जळल्यासारखा वास देत राख झाला. म्हणजे पोरगा खोटं बोलत नव्हता. लेदर होतं, पण स्प्लिट.

कातडं जाड असतं, कारखान्यात ते जाडीत चिरून थर वेगळे करतात. केसांकडची वरची बाजू म्हणजे ग्रेन. तिथे तंतू बारीक आणि घट्ट विणलेले असतात. ती न घासता ठेवली तर फुल ग्रेन, वरून हलकं घासून सारखी केली तर टॉप ग्रेन. सोफ्याला साधारण ०.९ ते १.४ मिलीमीटर जाडीचं लावतात. मांसाकडचा जो थर उरतो तो स्प्लिट. त्याला स्वतःचा ग्रेन नसतो, म्हणून वर पीयूचा जाड थर चढवून त्यावर सुरकुत्यांचा छाप मारतात. युरोपीय मानकात हा थर ०.१५ मिलीमीटरपेक्षा जाड असला तर मालाला नुसतं 'लेदर' म्हणता येत नाही, 'कोटेड लेदर' म्हणावं लागतं. आपल्याकडे पाटीवर 'जेन्युइन' लिहितात आणि विषय संपतो. टिकायचं म्हटलं तर अशा सोफ्याचं आयुष्य त्या वरच्या थराएवढंच, कारण घासणं, घाम, वाकणं सगळं तोच झेलतो. त्याच्याही खालची पायरी म्हणजे बॉन्डेड: चामड्याचा चुरा चिकटवून कापडावर पसरलेला आणि वर पीयू. चकाकी छान असते, आणि दुरुस्तीला सगळ्यात आधी तोच येतो.

छाप ओळखायला भिंगही लागत नाही. सीटवर एखादी ठळक सुरकुती शोधायची, समजा इंग्रजी वायसारखी, आणि तीच शेजारच्या सीटवर दिसते का बघायचं. इथे ती ठराविक अंतरावर परत परत सापडली. जनावराच्या अंगावर एकच खूण अशी मोजून मापून येत नाही. खऱ्या ग्रेनमध्ये गोचिडाच्या खुणा, ओरखडा बुजल्याची रेघ, मानेकडच्या आडव्या घड्या असतात. गिऱ्हाईक त्यांना खोट समजतं, मी त्या शोधतो.

सोफा पुढे कलता केला आणि खालचं काळं कापड एका कोपऱ्यात, तीन-चार स्टेपल काढून, उचललं. विचारून. बाजूच्या आणि पाठीमागच्या पॅनेलची आतली बाजू पांढरी विणीची निघाली. म्हणजे अंग टेकतं तिथे स्प्लिट, बाकी सगळं पीयू. याला लेदर मॅच म्हणतात आणि तो काही गुन्हा नाही, भाव तसा हवा. तीन सीटचा सोफा सगळ्या बाजूंनी मढवायचा तर दोनशे चौरस फुटांच्या आसपास चामडं लागतं, गाईची मोठी कातडी घेतली तरी चार-पाच. म्हणून "लेदर आहे का" याच्याऐवजी "किती फूट लागलंय, कुठल्या भागाला कुठलं" असं विचारावं. दुकानदार गडबडला तर त्यातच उत्तर आलं.

सोलवटण्याचं सांगतो. पीयू हवेतल्या ओलाव्याने आणि उष्णतेने आतून तुटत जातं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीकडे, लगेच पावसाळ्याची दमट हवा, आणि वर डोक्याचं तेल. हेडरेस्ट सगळ्यात आधी जातं ते तेलामुळे. ते फिनिशमध्ये मुरतं, थर आधी चिकट होतो, मग पापुद्रे निघतात. टॉप ग्रेनचं फिनिशही तेलाने खराब होतं, पण खालचं चामडं शाबूत असल्याने पुन्हा रंग देता येतो. पीयू सोललं की पॅनेल बदलण्याशिवाय माझ्याकडेही इलाज नाही. मऊ राहावं म्हणून कुणी खोबरेल चोळू नये. हेडरेस्टवर धुता येणारं सुती कापड टाकावं, दिसायला कसंही दिसो.

शिलाईला वेळ लागला नाही. इंचाला पाच-सहा टाके, पॉलिस्टरचा दोरा, ठीक होती. फार बारीक टाके म्हणजे मजबुती असं नाही, चामड्याला जवळजवळ भोकं पडली की ते पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेघेवर फाटतं.

फोम मात्र गंमतीचा होता. पोरगा म्हणाला, सीटला ४० डेन्सिटी. गादीला मागे चेन होती. आतला फोम काढून हुकाच्या काट्याला लावला. गादी २४ बाय २२ बाय ५ इंच, म्हणजे ०.०४३ घनमीटर. ४० डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ४० किलो, तर वजन पावणेदोन किलोच्या जवळ यायला हवं. ३२ असता तर एक किलो चारशेच्या आत-बाहेर. काटा सव्वा किलोच्या खाली थांबला, तोही वरच्या पॉलिस्टर वाडिंगसकट, म्हणजे कापसासारख्या थरासकट. २८ सुद्धा धड नाही. हाताला कडक लागतो म्हणून तो ४० वाटतो, पण कडकपणा आणि डेन्सिटी या वेगळ्या गोष्टी आहेत. कमी डेन्सिटीचा कडक फोमही बनतो आणि वर्षा-दोन वर्षांत बसून खड्डा पडतो. काही जण वजन वाढवायला फोममध्ये खडूची भुकटी घालतात, म्हणून काट्यावर बरोबर आला तरी कापलेली कड बोटांत चुरडून बघायची. पांढरी पूड सुटली तर सोडून द्यायचा.

चौकट बघायला पुढचा एक पाय वीतभर उचलला. तेवढ्यात दुसरा पुढचा पायही जमिनीवरून सुटायला हवा. तो टेकलेलाच राहिला म्हणजे चौकट पिळते आहे. खालून बॅटरी मारली तर कोपऱ्याला ठोकळा नव्हता, नुसत्या पिना, आणि सोफ्याच्या हाताच्या आत भुशाचा बोर्ड. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, त्या महापुरानंतर गावभागातल्या घरांतून काय काय बाहेर निघालं ते सांगलीकरांना माहीत आहे. साल-सागवानाची चौकट वाळवून पुन्हा भरता येते. भुशाचा बोर्ड फुगला की संपला, त्यात स्क्रू पुन्हा पकडत नाही. त्याला महापूरच लागतो असं नाही, ओली फरशी रोज पुसली तरी पायाकडून सुरुवात होते.

सेट तिथेच बाद केला. रिक्लायनर दुसऱ्या मेकचा होता, आणि तो बरा निघाला. सीटला टॉप ग्रेन, बाजूंना पीयू, प्लायवुडची चौकट, सीटखाली झिगझॅग स्प्रिंग. मेकॅनिझम बोल्टने बसवलेलं, स्क्रूने नाही.

रिक्लायनर उभ्याने बघून कळत नाही. काकांनाच, म्हणजे मॅडमच्या वडिलांना, बोलावून घेतलं. गुडघ्याच्या माणसाला सीटची उंची महत्त्वाची. बसल्यावर तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघा कमरेपेक्षा वर जाता कामा नये. त्यांना १९ इंच जमलं. १७ इंचाच्या दुसऱ्या खुर्चीतून उठताना त्यांना हातावर जोर द्यावा लागत होता. खुर्चीचा हात असा हवा की दाबून उठताना तो हलू नये.

मग पूर्ण उघड-बंद, सलग दहा वेळा, माणूस बसलेला असताना. रिकामी खुर्ची सगळीच छान चालते. पायटेकूच्या दोन्ही बाजू एकदम वर याव्यात, एक मागे राहिली तर मेकॅनिझम तिरकं बसलंय. उघडा पायटेकू धरून आडवा हलवायचा, जास्त खेळला तर रिव्हेट ढिले. मोटरचा आवाज सारखा हवा, मध्येच टकटक नको. मागे भिंतीपासून किती जागा लागते तेही उघडूनच मोजावं. साध्या प्रकाराला फूटभर लागते, भिंतीजवळ चालणाऱ्याला चार-पाच इंच पुरतात.

काकांनी विचारलं, "आणि लाइट गेली तर? मी असाच आडवा पडून राहू का?" बरोबर प्रश्न. हाताच्या लिव्हरचा असता तर ही भानगड नव्हती, पण त्यात पायाने जोर द्यावा लागतो आणि तेच त्यांना जमणार नव्हतं. अॅडॉप्टरवर २९ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलेलं होतं, म्हणजे साठ वॅटच्या आत. घरचा इन्व्हर्टर सहज ओढतो.

बिलावर मॅडमनी एवढं लिहून घेतलं: कुठल्या भागाला कुठलं कव्हर, सीटच्या फोमची डेन्सिटी, मोटर आणि मेकॅनिझमची वॉरंटी वेगवेगळी, आणि दुरुस्तीला माणूस कुठून येणार. नुसती 'पाच वर्षं वॉरंटी' बहुतेक वेळा चौकटीची निघते, कव्हरची नाही. भाव पाडायला त्यांना माझी गरज लागली नाही.

जिना अरुंद होता, पण या खुर्चीची पाठ खाचेतून सरळ वर ओढून निघते, त्यामुळे दोन भागांत चढवली. हॉलमधला इन्व्हर्टरचा एकच सॉकेट टीव्हीमागे निघाला. वायरमनला फोन लावला, नवीन पॉइंट खुर्चीमागच्या भिंतीवर काढायला सांगितला, वायर चालण्याच्या वाटेत येणार नाही असा.