ऐकीव नको, केलेलं सांगा

चैत्रगौर बसली की आमच्या कोथरूडच्या बागप्रेमी मंडळाची वार्षिक सभा येते. तारीख बदलते, पण पाडवा आणि अक्षय्यतृतीया यांच्यामधला रविवार हे ठरलेलं. हा काळ संस्थापक काकांनी विचार करून निवडला होता. फाल्गुनात सगळ्यांनी कुंड्या उपसून, गुरफटलेली मुळं छाटून, नवी माती भरलेली असते. मोगरा त्याच्याही आधी छाटून, थोडे दिवस पाणी तोडून, मग शेणखत घालून झालेलं असतं. चैत्रात त्याचं उत्तर मिळतं. मोगऱ्याला कळ्या धरतात, जास्वंदीला कोवळी फूट येते, आणि त्या कोवळ्या फुटीवर मावा आणि पिठ्या ढेकूण या किडीही हजर होतात. त्यामुळे त्या दिवशी प्रत्येकाकडे सांगायलाही पुष्कळ असतं आणि विचारायलाही.

सभेचा पहिला भाग कुठल्याही सभेसारखा. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, मागच्या वर्षीचं इतिवृत्त, जमाखर्चाला मंजुरी. मंडळाची कार्यवाह म्हणून हे सगळं मीच वाचून दाखवते आणि लवकर संपवते. हिशेब दरवर्षी चोख असतो, एवढं मात्र आमच्या खजिनदार काकांसाठी इथे लिहून ठेवते.

मग पन्ह्याचे पेले फिरतात आणि ‘कुंडीची गोष्ट’ सुरू होते. त्यासाठीच मी वर्षभर वाट बघते. ज्याला बोलायचंय त्यानं आपलं एक झाड, निदान एक फांदी, घेऊन पुढे यायचं आणि पाच मिनिटांत त्या झाडाचं काय झालं ते सांगायचं. संस्थापक काकांनी तरुणपणी शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांच्या ‘प्रयोग परिवारा’च्या श्री. अ. दाभोळकरांना ऐकलं होतं. साध्या माणसानं स्वतः प्रयोग करावा, दुसऱ्याला सांगावा आणि त्याचा ऐकावा, हे त्यांच्या मनात तेव्हापासून बसलं. बँकेतली नोकरी संपल्यावर त्यांनी गच्चीवर भाजी केली आणि मग हे मंडळ काढलं. सभेचा नियम त्यांनी स्वतःच्या हातानं पुठ्ठ्यावर लिहिला: ‘ऐकीव नको, केलेलं सांगा.’ काका आता नाहीत. पुठ्ठा अजून व्यासपीठावर लावतो. अक्षर फिकट झालंय, पण ते गिरवायला मी कुणाला दिलेलं नाही.

मोठे वक्तेही आम्ही बोलावले आहेत आणि त्यांची भाषणं उत्तम झाली. पण माझ्या डोळ्यांत पाणी येतं ते माइक हातात कसा धरायचा हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या भाषणानं. तळजाईच्या बाजूला राहणाऱ्या एका आजी एकदा आल्या होत्या. ‘मला भाषण येत नाही, मी नुसता ब्रश दाखवते,’ म्हणाल्या आणि पिशवीतून दात घासायचा जुना ब्रश काढला. त्यांची जास्वंद पिठ्या ढेकणानं पांढरी पडली होती. सगळ्यांनी ‘उपटून टाका’ असाच सल्ला दिलेला. आजींनी रात्री पाच-सहा रिठे भिजत घातले, सकाळी कुस्करून, गाळून ते पाणी घेतलं आणि पूजा आटोपली की रोज एकेक फांदी ब्रशनं घासायला बसल्या. कीड परत परत का येते हे त्यांना मुंग्यांनी दाखवलं. पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, त्याच्या शत्रूंना हुसकावतात. आजी त्या रांगेच्या मागे स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत गेल्या. मग पाण्यानं भरलेल्या परातीत विटा ठेवून त्यावर कुंडी ठेवली, आणि डास होऊ नयेत म्हणून परातीतलं पाणी रोज बदललं. आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर, लिटरभर पाण्याला पाच मिली कडुनिंबाचं तेल, ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडं रिठ्याचं पाणी, आणि फवारणी, पानांच्या खालच्या बाजूनंसुद्धा. कापसासारख्या पुंजक्यातली अंडी एका फवारणीनं मरत नाहीत, पुढच्या पिढीला गाठावं लागतं, हेही त्यांनी स्वतःच ताडलं होतं. ‘आषाढातल्या संकष्टीला पहिलं फूल गणपतीला वाहिलं,’ एवढं बोलून त्या खाली उतरल्या. पाच मिनिटंही झाली नव्हती. त्यानंतर कितीतरी सभासदांच्या घरी रिठे आले. माझ्याकडेही आहेत, डब्यावर ‘आजी’ अशी चिठ्ठी लावून.

दुसरे, पीएमटीतून, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेतून, चालक म्हणून निवृत्त झालेले एक काका. पिंपरी-चिंचवडच्या बससेवेबरोबर एकत्र होऊन तिची पीएमपीएमएल झाली तरी ते ‘आमची पीएमटी’च म्हणतात. त्यांच्या घराला उत्तरेची खिडकी, ऊन जवळजवळ नाही. तिथे त्यांनी मनीप्लांट, स्नेक प्लांट आणि स्पायडर प्लांट इतके टवटवीत ठेवलेत की पहिल्यांदा बघणाऱ्याला ते प्लास्टिकचे वाटतात. त्यांचं सगळं शास्त्र बोटाच्या दोन पेरांत आहे. बोट मातीत दोन पेरं घालायचं, ओल लागली तर झारीला हात लावायचा नाही. घरातलं झाड पाण्याच्या कमतरतेनं क्वचित मरतं, जास्त पाण्यानं मुळं कुजून मरतं, हे त्यांनी शिट्टी मारून गाडी थांबवावी तशा ठामपणे सांगितलं. कुणीतरी विचारलं, पानं चमकावीत म्हणून खोबरेल किंवा दूध लावू का? काका म्हणाले, ‘मी दोन पानांना लावून पाहिलं. आठवड्यात त्यांच्यावर धूळ बसली ती निघेना. ओल्या फडक्यानं पुसा, झाडाला श्वास घेऊ द्या.’ दर रविवारी ते पानं पुसतात, एका हातानं पानाला खालून आधार देऊन. ते त्यांनी व्यासपीठावर करून दाखवलं तेव्हा समोरच्या रांगेतल्या मुली मोबाइल खाली ठेवून बघत होत्या.

त्याच मुलींपैकी एक, कर्वेनगरला खोली घेऊन शिकणारी, पुढच्या वर्षी स्वतः बोलली. खिडकीत मिरचीच्या दोन कुंड्या. एकीत अंड्याची टरफलं तशीच खोचली, दुसरीत धुऊन, वाळवून, मिक्सरवर पूड करून मातीत मिसळली. मोसम संपल्यावर दोन्ही कुंड्या उपसल्या. पहिल्या कुंडीतली टरफलं होती तशीच निघाली. पूड मात्र मातीत दिसेनाशी झाली होती. कॅल्शियम दोन्हीकडे तेवढंच, पण झाडाला ते मिळायचं तर आधी ते विरघळायला हवं, आणि त्यालाही महिने लागतात, हे तिनं फळ्यावर आकृती काढून समजावलं. सभेत अंड्याचा विषय काढला म्हणून दोन सभासदांनी नंतर माझ्याकडे तक्रार केली. मला ती तक्रार तेव्हाही पटली नाही आणि आजही पटत नाही. ज्या मुलीनं इतक्या काटेकोरपणे प्रयोग केला तिचं आधी कौतुक करावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक दरवर्षी येतात आणि हट्टानं मागच्या रांगेत बसतात. कुणी केळीच्या सालींचं पाणी करून घातलं की गुलाब फुलतो म्हणालं, तर शेवटी उठून हळूच सांगतात की सालीत पालाश, म्हणजे पोटॅशियम, आहे खरं, पण सालीतलं सगळंच पाण्यात उतरत नाही. साली बारीक चिरून वाळक्या पानांबरोबर कुजवल्या तर सगळंच मातीला मिळतं. भुरीसाठी, म्हणजे पानांवर पांढरी पूड दिसते त्या बुरशीच्या रोगासाठी, एक भाग ताक आणि नऊ भाग पाणी, लक्षणं दिसताच, सकाळच्या वेळी, हा उपाय त्यांनीच समजावला. जिवामृताची, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पातळ खताची, मापंही कुंड्यांसाठी त्यांनीच उतरवून दिली. एकराच्या कृतीत दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन असतं. आम्ही दहा लिटरच्या बादलीत अर्धा किलो ताजं शेण, पाव लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती घालतो, सावलीत ठेवून दोन वेळा ढवळतो आणि दोन-तीन दिवसांनी दहापट पाणी घालून वापरतो. मोठा अधिकार असूनही त्यांनी कुणाला कधी खोडून काढलेलं नाही, फक्त पुढचा प्रयोग सुचवला.

आता उपस्थितीबद्दल. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण लिहायलाच हवं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला आमचे सभासद झाडून जातात. जावंच, मीही जाते. पण चैत्रातल्या रविवारी, घरापासून चालत येण्याच्या अंतरावर, आपलीच माणसं बोलणार असताना खुर्च्या रिकाम्या राहतात. रोपवाटप आधी असायचं तेव्हा काही जण तुळस आणि कढीपत्ता पिशवीत घालून गोष्टी सुरू होण्याआधीच निघून जात. म्हणून रोपवाटप शेवटी नेलं. आता काही जण शेवटालाच येतात. आणि रात्री अकरा वाजता पिवळ्या पानाचा फोटो पाठवून ‘काय झालं असेल?’ म्हणून विचारणारे बहुधा तेच असतात. त्यांना उत्तर मी देते. पण ज्या पाणी तोडण्याबद्दल, निचऱ्याबद्दल, टँकरच्या क्षारयुक्त पाण्यानं पानांची टोकं जळण्याबद्दल ते विचारतात, ते सगळं त्या सभेत कुणीतरी जिवाभावानं सांगितलेलं असतं.

सभा न होताही मंडळ एकत्र आलं तो काळ २०२० चा. २५ मार्चला पाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. रोपवाटिका बंद, खताची दुकानं बंद. तेव्हा घरात जे होतं त्यावरच सगळ्यांनी झाडं जगवली. तांदूळ धुतलेलं पाणी, दूध-साखरेचा अंश जाईपर्यंत धुऊन वाळवलेली चहापूड, मिरची-लसणाचं गाळलेलं पाणी. रोज संध्याकाळी एकानं दुसऱ्याला फोन करून स्वतःच्या कुंडीची गोष्ट सांगायची, अशी साखळी आमच्या उपाध्यक्ष ताईंनी लावली. एकट्या राहणाऱ्या काही सभासदांना त्या दिवसांत आलेला तो एकच फोन असायचा. २०२२ च्या पाडव्याला राज्यातले निर्बंध उठले आणि आम्ही पुन्हा सभागृहात बसलो, तेव्हा अहवाल वाचताना माझा आवाज लागेना. आजी त्या सभेला नव्हत्या. त्यांच्या सुनेनं जास्वंदीची छाटकलमं करून आणली होती, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून. त्यातली बरीच आज कोथरूड-कर्वेनगरच्या गॅलऱ्यांमध्ये फुलतायत.

हे सगळं ज्यांच्यामुळे उभं राहतं त्यांची नावं छापायला बहुतेकांनी मनाई केली आहे, म्हणून कामावरून ओळख देते. सभागृह बिनभाड्यानं देणाऱ्या सोसायटीचे चेअरमन आणि त्यांच्या कमिटीतले तिघे. पाडव्याच्या आधीपासून कैऱ्या उकडून पन्ह्याचा गर करून ठेवणाऱ्या दोघी बहिणी, आणि वाटली डाळ करणाऱ्या आमच्या खजिनदार काकांच्या पत्नी, ज्या डाळ आदल्या रात्री भिजवतात आणि फोडणी सभेच्या दिवशीच घालतात. रखवालदार दादा, जे खुर्च्या मांडतात, आणि त्यांचा मुलगा, जो लिफ्ट बंद पडली त्या वर्षी सगळ्या कुंड्या हातानं वर घेऊन आला. माइक लावणारे दादा, ज्यांनी आजींसाठी स्टँड खाली केला. चहावाले, जे चोथा टाकून न देता आमच्या बादलीत घालतात. फाल्गुनात शिरीष आणि पिंपळ पानं ढाळतात तेव्हा ती जळू न देता पोत्यांत भरून ठेवणाऱ्या रस्ता झाडणाऱ्या ताई. त्यांच्या पोत्यांवर आमचं वर्षभराचं कंपोस्ट होतं: ओल्या कचऱ्याच्या दुप्पट वाळकी पानं आणि विरजणापुरतं आंबट ताक. रोपांच्या पाट्या रंगवणारी आठवीतली मुलगी. शेण आणून देणारे सुतारदऱ्याकडचे गवळी. वयस्कर सभासदांना आणणारे-पोचवणारे रिक्षावाले काका, जे परतीचे पैसे घेत नाहीत. फोटो काढणारे जोशीबुवांच्या वाड्यासमोरचे स्टुडिओवाले. पहिल्या वर्षांत सतरंज्या देणारी शेजारची शाळा. छाटणीच्या कात्र्यांना धार लावून देणारे कर्वे रस्त्यावरचे धारवाले.

कुणी राहिलं असेल तर कृपा करून मला कळवा, पुढच्या अहवालात घालते. आणि हो, मागच्या वर्षी वीज गेली तेव्हा ज्यांनी गच्चीवरून हिरवी जाळी काढून आणून खिडक्यांना बांधली आणि भर दुपारच्या उन्हातही सभा चालू ठेवली, ते तिसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ. ते सभासदसुद्धा नाहीत. यंदा त्यांना पावती फाडून सभासद करून घ्यायचं ठरलंय, आणि त्यांच्या कढीपत्त्याला सारखा मावा का लागतो, ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा सांगायची आहे.