वामनाला टॉनिक

आमच्या गॅलरीत बोन्साय केलेला एक वड आहे. वय बारा वर्षं, उंची सव्वा फूट. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी त्याची कुंडी बदलली, मुळं छाटली आणि आठवड्याभरात त्याने निम्मी पानं माझ्या पुढ्यात टाकली. मी नर्सरीत धावले. नर्सरीवाल्याने फोटोकडे बघितलंही नाही. "काकू, एक झाकण एक लिटर पाण्यात. पंधरा दिवसांत फरक बघा." बाटलीवर लिहिलं होतं की आत समुद्री शेवाळाचा अर्क, ह्यूमिक ॲसिड, अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वं आहेत. एवढं तर मी मुलांनाही कधी दिलं नव्हतं.

"वाढू नये म्हणून फांद्या छाटतेस, मुळं कापतेस, आणि मग त्यालाच वाढीचं औषध पाजतेस?" ह्यांचा प्रश्न. उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, अजूनही नीटसं सुचलेलं नाही.

विसाव्या दिवशी वडाला कोवळी लालसर पालवी आली. मी बाटलीचं इतकं कौतुक केलं की सोसायटीतल्या तिघींनी तीच आणली. पण मुळं छाटल्यावर वरच्या पानांना पुरेसं पाणी पोचत नाही, म्हणून झाड पानं टाकतं. नवी तंतुमुळं फुटली की पालवी येते. त्यात जूनची दमट हवा. म्हणजे कावळा बसायला आणि फांदी फुटायला एकच गाठ पडली होती.

शंका आली ती जास्वंदीमुळे. एकाच झाडाच्या चार फांद्या लावल्या, दोघींना टॉनिक, दोघींना साधं पाणी. तीन महिन्यांनी पहिला नंबर आला साध्या पाण्यावाल्या एकीचा, कारण तिची कुंडी कठड्याच्या पूर्वेकडच्या टोकाला होती आणि सकाळचं ऊन तिलाच मिळत होतं. चार कुंड्यांचा प्रयोग म्हणजे काही संशोधन नव्हे, पण माझी बाटलीवरची श्रद्धा ढळायला तेवढा पुरला.

मग जीवनसत्त्व ब-१ ची गोष्ट वाचनात आली. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात जेम्स बॉनर या शास्त्रज्ञाने वाटाण्याच्या मुळांची टोकं तोडून काचेच्या भांड्यात वाढवली. त्या टोकांना वाढायला ब-१ लागतं, हे दिसलं. झालं, अमेरिकेत रोपांना ब-१ पाजायची लाटच आली. पुढे फेरचाचण्या झाल्या तेव्हा जमिनीतल्या अख्ख्या झाडाला त्याचा उपयोग दिसेना, आणि हे सांगणाऱ्यांत बॉनर स्वतःही होते. कारण साधं आहे: झाडाची पानंच ब-१ तयार करतात आणि मुळांना पाठवतात. तुटलेल्या टोकाला घरचा डबा मिळत नव्हता, म्हणून ते खाणावळीवर अवलंबून होतं. तरी ब-१ बाटल्यांवरून अजून उतरलेलं नाही.

याचा अर्थ असली सगळीच द्रव्यं फुकाची, असा मात्र नाही. नाशिकचा द्राक्षबागायतदार जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संप्रेरकाच्या द्रावणात घड बुडवतो तेव्हा मणी खरोखर लांब होतात. कोकणात हापूसच्या बुंध्याभोवती पावसाळ्यात पॅक्लोब्युट्राझॉल घालतात. त्याचं काम तर वाढ रोखायचं, म्हणजे पालवीचा जोर कमी होऊन मोहोर येतो. पण तिथे एक द्रव्य, ठरलेलं माप, ठरलेली वेळ आणि चुकलं तर बागेचं नुकसान. माझ्या बाटलीत एवढी द्रव्यं आणि माप काय, तर झाकण. शेवाळाच्या अर्काने मुळांना थोडीफार मदत होते, हे मी मानते, पण तीही उन्हाने आणि वेळच्या वेळी दिलेल्या पाण्याने होते त्याच्या पुढची नव्हे. आपल्याकडे २०२१ साली खत नियंत्रण आदेशात अशा जैव-उत्तेजकांचा समावेश झाला आणि विकणाऱ्यांना नोंदणी करणं आलं. त्याआधी सगळं 'टॉनिक' या एका प्रेमळ शब्दाखाली खपत होतं.

नंतर एकदा त्याच जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने मातीतलं लोह मुळांना घेता येत नव्हतं. चिलेटेड लोहाची, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, चिमूटभर पूड पाण्यात घालून दिली आणि पुढची पानं हिरवीगार आली. जे कमी आहे ते दिलं की झाड लगेच पावती देतं. वडाच्या कुंडीत विटांचे तुकडे आणि भरड रेती, पाण्याबरोबर खतही वाहून जातं. त्यामुळे त्याला भिजवलेली शेंगदाण्याची पेंड पातळ करून महिन्यातून एकदा देते. वास येतो. शेजारच्या आजी विचारतात, "काय गं, उंदीर मेला का?"

बाटली आता ह्यांनी त्यांच्या मनीप्लांटसाठी नेली आहे. मनीप्लांट जोरात वाढतोय, खिडकीची जाळी ओलांडून पडद्याच्या दांडीवर चढलाय. तो आधीही असाच वाढत होता, पण हे रोज सकाळी झाकण मोजून ओततात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.