मॅडम, तुम्ही बयाड लोकांवर पीएचडी केली काय?

बयाड म्हणजे आमच्याकडे वेडा. हा प्रश्न मी एसटी स्टँडवर ऐकलाय, लग्नाच्या पंगतीत ऐकलाय, आणि एकदा नोकरीच्या मुलाखतीतही. तुम्ही जरा सभ्य शब्दांत विचारलंत: यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी समाजशास्त्र शिकवणारी बाई मानसिक आरोग्य आणि विचलन, म्हणजे समाजाच्या चौकटीबाहेरचं वागणं, या वाटेला कशी लागली? लागले ती एका शब्दापायी. तो येईलच पुढे.

एम. ए.ला दुर्खीम होता, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ. 1897 साली त्याने आत्महत्यांचे सरकारी तक्ते मांडून समाजाची वीण कुठे उसवते ते दाखवलं. पेपरात मी पुरवण्या जोडून लिहिलं. पुढे तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता पीएचडीसाठी गावं फिरू लागले, तेव्हा असे तक्ते भरतात कसे ते दिसलं. कागदावर ‘पोटदुखीस कंटाळून’. गावात बसावं तर पोटाचं कोणी बोलतच नाही. कर्ज, बोंडअळी, पोरीचं लग्न, दारू, सगळं निघतं. लिहिणाऱ्याला एक कारण पुरतं, आणि घरच्यांना पोलिसांचा ससेमिरा नको असतो. आत्महत्येचा प्रयत्न तेव्हा गुन्हाच होता. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा माणसाला शिक्षा नको, तो ताणाखाली होता असं धरा, असं सांगितलं. गावातली भीती काही कायद्याबरोबर बदलली नाही.

माझी प्रश्नावलीही काही शहाणी नव्हती. ‘आपणास उदास वाटते का?’ पन्नास घरांत पन्नास ‘नाही’. उदास हा शब्दच पुस्तकातला. शेवटी एका म्हाताऱ्याला सहज विचारलं, बाबाजी, झोप लागते का? "झोप कुठली मॅडम, रातभर आढ्याकडं पाहत राह्यतो." दोन तास बोलले. त्या रात्री सगळे छापील कागद मी चुलीत घातले. (झेरॉक्सचे पैसे मात्र उधारीवर होते.)

वर्गात विचलन शिकवायला घेतलं की पोरं दारू आणि जुगार सांगतात. मी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर सांगते, 1963 चा: कृत्य विचलित नसतं, लोक त्याला तसं नाव देतात. कोणाच्या डोक्यात उतरत नाही. एकदा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा शिकवत होते, जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा, 1952 ला रद्द झालेला. शेवटच्या बाकावरचा फासेपारधी मुलगा म्हणाला, "मॅडम, गावात चोरी झाली की पोलीस अजून पयले आमच्या बेड्यावरच येते." (बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती.) त्या दिवशी बेकर सगळ्यांना समजला.

तर तो शब्द. शेतकरी आत्महत्येनंतर घरच्यांना 1 लाखाची मदत मिळते, पण आधी प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढे जातं. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, त्याचा तगादा हवा. बसलं तर ‘पात्र’, नाही तर ‘अपात्र’. एका गावात मी जिच्याकडे जायचे, तिच्या नवऱ्याने पैसे गावातल्याच एका माणसाकडून उचललेले. त्याच्याकडे परवाना नव्हता. बेकायदा सावकारी त्याची आणि अपात्र ही. त्यात गावाने शब्द उचलला. नळावर बाया म्हणायच्या, थे अपात्रवाली आली. आधी नवरा बयाड होता असं म्हणत, आता हिलाही नाव मिळालं.

तिसऱ्या खेपेला ती चहा ठेवायला उठली, आणि माझी वही उघडी राहिली. सातवी शिकलेली बाई. कप खाली ठेवताना नजर वहीवर गेली.

"तुमच्या वहीत मी कोन हाव मॅडम? पात्र का अपात्र?"

वहीत तो रकाना होता. सरकारी यादीवरून मीच आखून घेतलेला.