कटिंगचा ग्लास

टपरीवरचा कटिंगचा ग्लास आपण रोज हातात धरतो आणि बहुधा कधीच पाहत नाही. अंगावर उभ्या खाचा, काठ बोथट, आणि बूड इतके जाड की ग्लासात दिसतो तेवढा चहा पोटात कधीच जात नाही, हा चहावाल्याच्या हिशेबाचा भाग असावा अशी मला दाट शंका आहे. चहा संपल्यावर तो ग्लास उजेडाकडे धरून जरा तिरपा पाहावा. समोरून रंगहीन वाटणारी काच जाड भागात हिरवट दिसते, आणि बुडाशी, प्रत्येक ग्लासात नाही पण पुष्कळ ग्लासांत, एखादा बारीक बुडबुडा कायमचा अडकलेला सापडतो. बनवणाऱ्याच्या दृष्टीने हे दोन्ही दोषच. परंतु काच कशी तयार होते हे समजून घ्यायचे असेल, तर निर्दोष ग्लासापेक्षा हा दोषी ग्लास जास्त बोलका आहे.

शाळेच्या पुस्तकात काचेची कृती दोन ओळींत उरकलेली असते: वाळू, सोडा आणि चुनखडी एकत्र करून भट्टीत सुमारे 1500 अंश सेल्सिअसला वितळवावी. ती चूक नाही, पण ‘का’ हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. काच मुळात वाळूची, म्हणजे सिलिकाची होते. मग सोडा कशाला आणि चुनखडी तरी कशाला? नुसत्या शुद्ध सिलिकाची काच करता येते आणि ती अतिशय उत्तमही असते, पण सिलिका वितळायला 1700 अंशांच्या वर जावे लागते, आणि वितळल्यावरही तिचा रस इतका दाट असतो की त्याला साच्यात ओतणे वा फुंकणे महाकठीण. त्या काचेचा ग्लास केला, तर त्यातला चहा परवडणार नाही. म्हणून सोडा, म्हणजे धुण्याचा सोडा. सोड्यातले सोडियम सिलिकाची घट्ट जाळी जागोजागी तोडते, मिश्रण पुष्कळ कमी तापमानाला वितळते आणि रस वाहता होतो.

इथे पहिली अडचण सुटते आणि दुसरी उभी राहते. वाळू आणि सोडा एवढ्यांचीच काच केली, तर ती पाण्यात विरघळते. तिचे नाव सोडियम सिलिकेट. पुठ्ठ्याची खोकी चिकटवायला आणि धुण्याच्या साबणात भर म्हणून ती वापरतात, आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात बरणीत मोरचूद वगैरेंचे खडे टाकून जी ‘रासायनिक बाग’ उगवलेली दाखवतात, ती याच द्रावणात. पाण्यात विरघळणारा ग्लास चहाला निरुपयोगी, म्हणून चुनखडी. तिच्यातले कॅल्शियम त्या सैल झालेल्या जाळीला पुन्हा बांधून घेते आणि काच पाण्याला दाद देईनाशी होते. मात्र चुना जास्त झाला, तर रस थंड होताना त्यात स्फटिक धरतात आणि काच धुरकट होते. त्यावर उतारा म्हणून थोडे मॅग्नेशियम घालतात. एका औषधाने झालेल्या त्रासावर दुसरे औषध, आणि त्याच्या त्रासावर तिसरे, असा हा प्रकार आहे. शेवटी साध्या काचेत सिलिका 70 ते 74 टक्के, सोडियम ऑक्साइड 12 ते 15 टक्के आणि कॅल्शियम ऑक्साइड 10 टक्क्यांच्या आसपास, असा मेळ बसतो. मला काचेच्या रसायनशास्त्रात सर्वांत लोभस वाटते ते हेच, की त्यात कोणताही घटक ‘चांगला’ म्हणून आलेला नाही. जो तो आधीच्याने केलेला घोळ निस्तरायला आलेला आहे.

आता तो बुडबुडा. सोडा आणि चुनखडी दोन्ही कार्बोनेटे. तापली की त्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. भट्टीत टनावारी मिश्रण तापत असताना हा वायू अक्षरशः उकळी फोडतो, आणि दाट रसातून त्याचे बारीक बुडबुडे वर यायला फार वेळ घेतात. रस पुरेसा वेळ तापता ठेवून तो स्वच्छ करणे हे कारखान्यातले खर्चाचे काम. जिथे इंधनात काटकसर होते, तिथे काही बुडबुडे आत राहून जातात. म्हणजे ग्लासाच्या बुडातला तो ठिपका बहुतेक वेळा चुनखडीचा किंवा सोड्याचा, भट्टीतून सुटू न शकलेला उच्छ्वास असतो.

हिरवेपणा मात्र वाळूचा. वाळूत लोह असतेच. सिंधुदुर्गात कासार्डे-फोंडा भागातल्या सिलिका वाळूला काच कारखान्यांकडून मागणी असते ती तिच्या शुभ्रपणामुळे, कारण काचेत हजारात एक भाग लोह असले तरी रंग डोळ्यांना जाणवतो. यावरचा जुना उतारा म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. ते लोहाचे ऑक्सिडीकरण करून त्याचा निळसर-हिरवा रंग फिका पिवळा करते, आणि स्वतःची किंचित जांभळी छटा देऊन तो उरलेला पिवळाही मारून टाकते. म्हणजे रंग काढलेला नाही. एका रंगावर दुसरा रंग घालून डोळ्याला फसवलेले आहे. आणि याही औषधाला त्रास होताच: अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की मँगनीज पुन्हा जागे होते आणि काच जांभळट दिसू लागते. पुढे कारखान्यांनी त्याच्या जागी सेलेनियम आणि कोबाल्ट आणले. टपरीच्या ग्लासासाठी एवढे लाड कुणी करत नाही, आणि ते योग्यच आहे.

या सगळ्यात खरा महाग पडणारा माल होता सोडा. वाळू आणि चुनखडी खणून मिळते. सोडा मात्र शतकानुशतके समुद्रकाठच्या खारट झाडांच्या राखेतून काढत. फ्रान्समध्ये निकोला लब्लाँ याने 1791 मध्ये मिठापासून सोडा करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, पण त्या पद्धतीत मिठावर सल्फ्युरिक आम्ल घातल्याने हायड्रोजन क्लोराइडचे लोट निघत. इंग्लंडातल्या कारखान्यांभोवतीची झाडे-पिके त्यांनी इतकी जळाली की 1863 मध्ये तिथल्या संसदेला कायदा करून, हा वायू 95 टक्के अडवलाच पाहिजे असे बंधन घालावे लागले. त्याच सुमारास, 1861 मध्ये, बेल्जियमच्या एर्नेस्ट सॉल्व्हे याने दुसरी वाट काढली. मीठ आणि चुनखडी यांपासून सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड मिळावे, असे नुसत्या कागदावर लिहिता येते. प्रत्यक्षात ही क्रिया पाण्यात उलट दिशेने होते. सॉल्व्हेच्या पद्धतीत मध्ये अमोनिया येतो. मिठाच्या द्रावणात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सोडला की खाण्याचा सोडा तळाला बसतो. तो भाजला की धुण्याचा सोडा मिळतो. चुनखडी भाजून कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि उरलेला चुना अमोनियाला पुन्हा मोकळा करतो, म्हणजे अमोनिया फिरत राहतो आणि जवळजवळ खर्च होत नाही. परीक्षेत या पद्धतीची समीकरणे पाठ करावी लागतात, तेव्हा ही युक्ती कुणाच्या लक्षात येत नसावी. ओखा किनाऱ्यावर, त्या काळच्या बडोदे संस्थानात, मिठापूरला 1939 मध्ये टाटा केमिकल्सची स्थापना झाली. सॉल्व्हेच्या पद्धतीला लागणारे मीठ तिथे समुद्राचे, आणि चुनखडी सौराष्ट्रातच.

महाराष्ट्रात काच आली ती मात्र देशभक्तीच्या वाटेने. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा अशी पैसा फंडाची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि 1908 मध्ये तळेगावला त्या पैशांतून काच कारखाना सुरू झाला. पुढे 1916 मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ, औंध संस्थानात, आपला कारखाना काढला. त्याच्याभोवती ओगलेवाडी वसली आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघरी पोचला. कंदिलाची काच हे साधे काम नव्हे. आतून ज्योतीची धग, बाहेरून गार वारा, आणि वर कधी पावसाचा एखादा थेंब. तापलेल्या काचेवर थेंब पडला की तेवढीच जागा गार होऊन आकसते, भोवतालची काच तिला आकसू देत नाही, आणि त्या ताणात तडा जातो. काच दाब भरपूर सोसते, ताण सोसत नाही. शिवाय उष्णता वाहून नेण्यात ती मंद असल्यामुळे तिच्या एका भागाची खबर दुसऱ्या भागाला वेळेवर लागतच नाही.

कटिंगच्या ग्लासात हेच उलट बाजूने घडते. उकळता चहा पडला की आतला पृष्ठभाग फुगतो, बाहेरचा गारच राहतो आणि ओढला जातो. म्हणून जाड ग्लास मजबूत ही आपली समजूत गरम चहापुरती खोटी आहे. जाडी जितकी जास्त, तितका आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक जास्त. गार ग्लास तडकतो तेव्हा बहुतेकदा बुडाच्या जरा वर, जिथे जाड काच पातळ होते तिथे, गोल फिरून तडकतो, आणि ‘बूड निघाले’ असे आपण म्हणतो. घरोघरी आई-आजी ग्लासात आधी चमचा ठेवून मग चहा ओततात. तो चमचा पहिल्या धारेची थोडी उष्णता स्वतःकडे घेतो, तेवढेच. टपरीवर हा प्रश्न येत नाही, कारण तिथला ग्लास आधीच्या गिऱ्हाइकाच्या चहाने अजून कोमटच असतो.

प्रयोगशाळेतल्या काचेला हे चालणार नव्हते. जर्मनीत ओटो शॉट याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेत बोरॉनचे ऑक्साइड घातले आणि सोड्याचे प्रमाण कमी केले. साध्या काचेची एक मीटर लांब कांडी 100 अंशांनी तापवली, तर जवळजवळ 0.9 मिलिमीटरने वाढते. शॉटच्या या बोरॉनवाल्या काचेची, म्हणजे बोरोसिलिकेटची, साधारण 0.33 मिलिमीटरने. म्हणून परीक्षानळी बर्नरवर धरता येते. तिची काच पातळ आणि बूड गोल असते, कारण कोपरा नसला की ताण एका जागी साचत नाही. ज्या सोड्याने काच स्वस्त केली, त्यानेच ती जास्त फुगणारी केली होती.

फुटलेल्या ग्लासाचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. काचेचे तुकडे भट्टीत नव्या मिश्रणाआधीच वितळतात, त्यांतून कार्बन डायऑक्साइड निघत नाही, आणि जितके तुकडे घालाल तितके इंधन वाचते. काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा कस उतरत नाही. तरीही भंगारवाला लोखंड-पितळ हसत घेतो आणि काच म्हटले की मान हलवतो. वजन भरपूर, भाव नाही, हात कापण्याची भीती वेगळीच. त्यात कुणी ओव्हनमधले फुटलेले बोरोसिलिकेटचे भांडे त्याच पोत्यात टाकले तर आणखी पंचाईत, कारण साध्या काचेच्या भट्टीत ते नीट वितळत नाही आणि पुढच्या बाटलीत न विरलेला खडा होऊन बसते.